निवेदकाची गादी

ग्वाल्हेर हे वारशाचे गाव आहे. तेथील किल्ल्याने तोमरांचे राज्य पाहिले, मोगलांचा बंदीखाना पाहिला आणि पुढे शिंद्यांची राजधानीही पाहिली. तख्तावर कोणी बसावे यासाठी त्या डोंगराच्या पायथ्याशी कितीतरी रक्त सांडले. परंतु ग्वाल्हेरचा जो वारसा रक्तपातावाचून हातोहाती चालत आला, तो तख्ताचा नव्हे, आवाजाचा होय. मोठा गवई डोळे मिटतो, त्याची बैठक रिकामी होते आणि ऐकणारे एकमेकांस विचारतात, ‘आता येथे कोण बसणार?’ हा प्रश्न ग्वाल्हेरने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे आणि आपल्या परीने त्याचे उत्तरही दिले आहे.

शिंद्यांच्या दरबारातील हद्दू खाँ व हस्सू खाँ या बंधूंची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशी यांनी घेतली. त्यांच्याकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली आणि बुवांनी ती महाराष्ट्रात आणली. बुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी तिचा देशभर प्रसार केला. इकडे ग्वाल्हेरातच निसार हुसेन खाँ यांचे शिष्य शंकरराव पंडित आणि त्यांचे चिरंजीव कृष्णराव यांनी तीच परंपरा सांभाळली. कृष्णरावांनी १९१४ साली वडिलांच्या नावाने ग्वाल्हेरात संगीत विद्यालय काढले, ते वडील हयात असतानाच. या साखळीत मुसलमान उस्तादांचे ब्राह्मण शिष्य आहेत, पित्यामागून पुत्र आहेत आणि दूर देशीहून चालत आलेले विद्यार्थीही आहेत. एकाचा गळा दुसऱ्यास मिळाला असे येथे कोठेही घडले नाही. मिळाली ती चीज, मिळाली ती शिस्त. ज्याने गुरूच्या आवाजाची केवळ नक्कल केली, त्यास घराण्याने नकलाकार म्हटले, वारस म्हटले नाही.

हाच प्रश्न गेल्या पाऊणशे वर्षांत एका नव्या व्यवसायापुढे उभा राहिला आहे. तो व्यवसाय म्हणजे नभोवाणीवर आणि दूरचित्रवाणीवर प्रश्नोत्तरांचे व बक्षिसांचे खेळ चालविणाऱ्या निवेदकाचा. निवेदक हा राजा नव्हे, गवईही नव्हे. तो प्रश्न विचारतो, उत्तर बरोबर की चूक ते सांगतो, हरलेल्याची समजूत घालतो आणि जिंकलेल्याचे कौतुक करतो. काम पाहिले तर एवढेच. परंतु ठरल्या वारी, ठरल्या वेळी तो वर्षानुवर्षे घरात येतो आणि हळूहळू घरातलाच होऊन बसतो. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाच्या आदेश बांदेकरांना महाराष्ट्रातील घराघरांतून ‘भावोजी’ म्हणू लागले, यात सारे आले. नात्याचे नाव लाभलेला असा माणूस एके दिवशी येईनासा झाला, म्हणजे त्याच्या जागी दुसरा नेमणे ही केवळ कचेरीतील नेमणूक राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील एका विद्यार्थ्याची आठवण होणे साहजिक आहे. महाराज माधवराव शिंदे यांनी १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी स्थापन केलेली शाळा पुढे सिंदिया स्कूल या नावाने प्रसिद्ध झाली. त्या शाळेत मुंबईचा एक मुलगा शिकला. त्याचे नाव अमीन सयानी. त्याचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी झाला. वडील डॉक्टर होते. आई कुलसुम सयानी या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालविले. नवसाक्षरांसाठी निघणारे हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई, आणि त्याची भाषा मात्र साध्या माणसास समजेल अशी सोपी हिंदुस्थानी असे. पुढे अमीन सयानींच्या बोलण्यातील जी सोपी, कोणासही परकी न वाटणारी भाषा लोकांना आवडली, तिचे मूळ त्या घरात सापडते.

ग्वाल्हेरनंतर ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले. वडील बंधू हमीद सयानी हे इंग्रजीतील नामांकित निवेदक. त्यांनीच धाकट्या भावास आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नेले. त्यामुळे अमीन सयानींचा आरंभ इंग्रजी निवेदनाने झाला. हमीद हे नुसते भाऊ नव्हते, गुरूही होते. हे नाते पुढील हकिकतीच्या दृष्टीने लक्षात ठेवावयास हवे.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. त्याच वर्षी आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच काळात चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ रजा मिळाली. ज्या रागदारीचा ग्वाल्हेरास अभिमान, तिला मानाचे स्थान लाभले खरे; परंतु चित्रपटगीतांचा श्रोता समुद्र ओलांडून रेडिओ सिलोनकडे वळला. तेथे एका दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचे निवेदन आले एकोणीस वर्षांच्या अमीन सयानींकडे. मोबदला होता आठवड्यास पंचवीस रुपये.

आज गीतमाला म्हटले की गाण्यांची क्रमवारी आठवते. परंतु तिचा आरंभ खेळ म्हणून झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजविली जात आणि लोकप्रियतेनुसार त्यांचा खरा क्रम कोणता, ते श्रोत्यांनी पत्राने कळवावयाचे. बरोबर उत्तर देणाऱ्यांसाठी शंभर रुपयांचे बक्षीस होते. चाळीस-पन्नास पत्रे आली तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्याच कार्यक्रमास नऊ हजार पत्रे आली. वर्षभरात हा आकडा आठवड्यास पासष्ट हजारांपर्यंत गेला. इतकी पत्रे वाचणे व तपासणे अशक्य झाले, तेव्हा १९५४ च्या अखेरीस स्पर्धा बंद करून गाण्यांचीच क्रमवारी सांगण्याचा प्रघात सुरू झाला. ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवरून आणि गावोगावच्या श्रोतृसंघांच्या पसंतीवरून हा क्रम ठरे. खेळ संपला, परंतु खेळवणारा राहिला. ‘बहनो और भाइयो’ अशी आधी बहिणींना साद घालणारा तो आवाज दर बुधवारी रात्री आठ वाजता ऐकण्याचा परिपाठ लक्षावधी घरांत पडला.

इकडे हमीद सयानी १९७२ पासून ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ हा शाळकरी मुलांचा प्रश्नमंजूषेचा इंग्रजी कार्यक्रम रेडिओवर चालवीत होते. शाळाशाळांचे संघ समोरासमोर बसत, प्रश्न विचारले जात, गुण मोजले जात. पाठ्यपुस्तकाबाहेरही ज्ञान असते आणि ते मिळविण्यात गंमत असते, ही गोष्ट त्या कार्यक्रमाने कितीतरी मुलांच्या मनावर ठसविली. १९७५ साली हमीद सयानी निवर्तले. कार्यक्रम ऐन भरात होता आणि त्याचा आवाज एकाएकी हरपला.

ज्यांनी हा कार्यक्रम पुढे न्यावयाचा त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. कार्यक्रम बंद करता आला असता. कोणी अपरिचित निवेदक आणता आला असता. किंवा घरातल्याच माणसास बोलावता आले असते. त्यांनी तिसरी वाट धरली आणि भावाच्या जागी भाऊ बसला. त्या वेळी अमीन सयानींचे वय बेचाळीस वर्षांचे होते. गीतमालेस तेवीस वर्षे होत आली होती आणि त्यांची सारी कीर्ती हिंदुस्थानी भाषेवर उभी होती. येथे मात्र इंग्रजीत बोलावयाचे होते, मुलांशी बोलावयाचे होते आणि ज्याच्यापाशी आपण शिकलो त्याच्याच आसनावर बसून बोलावयाचे होते. कीर्तीचा विचार केला तर त्यांस या कामाची गरज नव्हती. उलट प्रत्येक रविवारी श्रोते गेलेल्याशी आपली तुलना करणार, हे उघड होते.

तरीही ते काम पत्करण्यात एक कर्तव्य होते, आणि ते शाळेशी संबंध असलेल्या कोणासही लगेच समजेल. मोठ्यांचा शोक एक वर्ष थांबू शकतो. मुलांचे वर्ष थांबत नाही. यंदा ज्या मुलांनी संघात बसण्यासाठी तयारी केली, ती पुढल्या वर्षी शाळेतच नसतील. त्यांना ‘आमचे निवेदक गेले, तुम्ही थांबा’ असे सांगणे म्हणजे त्यांची संधी कायमची हिरावून घेणे. रिकामी जागा भरण्याचे खरे कारण जाहिरातदाराची निकड हे नव्हे. समोर वाट पाहत बसलेला माणूस हे होय. अमीन सयानींनी हा कार्यक्रम आठ वर्षे चालविला आणि तो त्यांच्या लोकप्रिय इंग्रजी कार्यक्रमांत गणला गेला.

हे यश नुसत्या रक्ताच्या नात्याचे मानू नये. प्रश्नमंजूषेस तिचे स्वतःचे नियम असतात. प्रश्न ठरलेला, वेळ ठरलेला, गुण ठरलेले. निवेदक कितीही लाडका असला तरी तो चुकीच्या उत्तरास बरोबर म्हणू शकत नाही. म्हणजे येथे माणसाहून निराळी अशी एक चीज असते, आणि जी निराळी असते तीच दुसऱ्याच्या हाती देता येते. हमीद सयानींच्या हातून अमीन सयानींच्या हाती गेली ती हीच.

पुढे तोच कार्यक्रम दूरचित्रवाणीवर गेला, तेव्हा त्याचे सूत्रचालन कोलकात्याच्या डेरेक ओब्रायन यांच्याकडे आले. त्यांचे वडील नील ओब्रायन यांनी १९६७ साली कोलकात्यातील ‘ख्राइस्ट द किंग’ चर्चच्या सभागृहात सर्वांस खुली अशी प्रश्नमंजूषा घेतली होती. आपल्या देशातील संघटित प्रश्नमंजूषांचा आरंभ तेथून मानतात. धर्मग्रामाच्या एका साध्या दिवाणखान्यात जे सुरू झाले, ते पुत्राने देशभरच्या घरांत नेले. एका कार्यक्रमाची गादी अशा रीतीने भावाकडून भावाकडे आली आणि पुढे ज्या घरात हेच व्रत निराळ्या वाटेने चालले होते, त्या घरी गेली. ग्वाल्हेरच्या जाणत्यास यात काही नवल वाटणार नाही.

मात्र सर्वत्र असे सुरळीत घडत नाही. ‘कौन बनेगा करोडपती’ हा कार्यक्रम ३ जुलै २००० रोजी सुरू झाला आणि अमिताभ बच्चन यांच्या भारदस्त आवाजाने त्यास घरोघर पोहोचविले. २००५ साली दुसरे पर्व चालू असताना बच्चन आजारी पडले आणि ते पर्व अर्ध्यावर थांबले. २००७ साली तिसऱ्या पर्वासाठी शाहरुख खान आले. त्यांनी बच्चन यांची नक्कल केली नाही. आपल्या स्वभावास शोभेल असा मोकळा, थट्टेचा सूर धरला. नियम तेच, प्रश्नांची शिडी तीच, कलावंतही तोलामोलाचा. तरी २०१० साली कार्यक्रम दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्या आसनावर बच्चनच परत आले. याचा दोष शाहरुख खान यांस देणे न्यायाचे नाही. पहिला धनी हयात होता, बरा होऊन कामाला लागला होता आणि लोक त्याची वाट पाहत होते. जी जागा लोकांच्या मनात रिकामीच झालेली नाही, ती भरणे कोणासही साधत नाही.

याच खेळाच्या मराठी आवृत्तीची गोष्ट निराळी. २०१३ साली ती सुरू झाली तेव्हा सचिन खेडेकर सूत्रधार होते. २०१६ साली स्वप्नील जोशी आले. २०१९ साली वाहिनी बदलली आणि नागराज मंजुळे आले. सोलापूरकडील मातीची बोली घेऊन ते त्या आसनावर बसले. २०२१ साली पुन्हा सचिन खेडेकर आले. एकामागून एक तीन जण बसले, प्रत्येकाने आपली मराठी बरोबर आणली आणि पहिला धनी काही वर्षांनी सन्मानाने परतलाही. कोण बसले आहे याइतकेच, समोर आपल्यापैकी कोणी बसले आहे, यालाही मराठी प्रेक्षकाने महत्त्व दिले. हे शहाणपण लहान नव्हे.

परदेशातील एक अलीकडचे उदाहरणही बोधप्रद आहे. अमेरिकेत ‘जेपर्डी’ नावाच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाचे सूत्र १९८४ पासून ॲलेक्स ट्रेबेक यांच्याकडे होते. असाध्य आजार जडल्याचे त्यांनी २०१९ साली स्वतःच प्रेक्षकांस सांगितले आणि मृत्यूपूर्वी दहा दिवसांपर्यंत ते काम करीत राहिले. ८ नोव्हेंबर २०२० रोजी ते गेले. नंतर कित्येक महिने पाहुणे सूत्रधार येऊन गेले. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये ही जागा कार्यक्रमाच्या मुख्य निर्मात्यासच देण्यात आली. तोच त्याची पूर्वीची काही अशोभनीय वक्तव्ये उजेडात आली. एका दिवसात पाच भाग मुद्रित झाले असताना, त्यांपैकी एकही प्रक्षेपित होण्यापूर्वीच, त्यास ती जागा सोडावी लागली. पुढे दोघांनी मिळून काम चालविले आणि २०२३ च्या अखेरीस ते एकट्या केन जेनिंग्ज यांच्याकडे आले. हे जेनिंग्ज कोण? २००४ साली याच कार्यक्रमात स्पर्धक म्हणून लागोपाठ चौऱ्याहत्तर डाव जिंकलेले गृहस्थ. ज्याने ट्रेबेक यांच्यासमोर उभे राहून प्रश्न झेलले, तोच शेवटी त्यांच्या जागी टिकला. परंपरेच्या भाषेत बोलावयाचे तर, ज्याच्या हाती कारभार होता त्याच्याकडे गादी राहिली नाही. जो शागिर्द होता त्याच्याकडे ती आपण होऊन चालत आली.

आता पुन्हा अमीन सयानींकडे वळू. भावाची गादी सांभाळणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या गादीचे काय झाले? गीतमाला १९८८ पर्यंत सिलोनवर चालली. १९८९ पासून ती विविध भारतीवर आली. म्हणजे ज्या आकाशवाणीने एके काळी त्या गाण्यांना रजा दिली होती, तिच्याच घरी ती नांदावयास आली. १९९४ पर्यंत ती चालू होती. पुढे काही वर्षांनी नव्या रूपात ती पुन्हा ऐकू आली, तेव्हाही आवाज अमीन सयानींचाच होता. २००९ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. या साऱ्या काळात त्यांची नक्कल करणारे गल्लोगल्ली निघाले. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून लग्नाच्या मांडवापर्यंत ‘बहनो और भाइयो’ची साद कोणी ना कोणी घातलीच. नकलाकार असंख्य झाले. वारस एकही झाला नाही.

याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. प्रश्नमंजूषेत नियम निवेदकाच्या बाहेर उभे असतात. गीतमाला मात्र, १९५४ साली तिचा खेळ बंद झाल्यापासून, पुष्कळ अंशी एका माणसाच्या बोलण्यावर उभी होती. गाणी इतरांची होती, क्रमही विक्रीच्या आकड्यांनी ठरलेला होता. परंतु अमुक गाणे एक ‘पायदान’ वर चढले याचा आनंद आणि तमुक गाणे उतरले याची हळहळ ही त्या आवाजाची होती. श्रोता पत्र लिही तेही त्या आवाजास. अशी गोष्ट दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. तेथे कोणास बसविण्यापेक्षा बैठक गुंडाळून ठेवणे, हाच त्या माणसाचा खरा मान होय.

तेव्हा एखादा लाडका निवेदक गेला, म्हणजे त्याच्यासारखा दुसरा कोण, हा प्रश्न प्रथम विचारण्याचा नव्हे. त्याच्या कामात त्याच्याहून निराळे असे काही होते काय, आणि ज्याची वाट कोणी पाहत आहे असे काही उरले आहे काय, हे आधी पाहावे. उरले असेल तर ज्याने ती शिस्त अंगी बाणविली आहे अशास बसवावे, आणि त्यास त्याच्याच आवाजात बोलू द्यावे. उरले नसेल तर नमस्कार करून दिवा मालवावा. अमीन सयानींच्या एकाच आयुष्यात या दोन्ही गोष्टी घडल्या. भावाच्या पश्चात मुलांचा खेळ त्यांनी थांबू दिला नाही, आणि त्यांची स्वतःची माला त्यांच्याबरोबरच ओवून पुरी झाली.